अपंगत्व-लाभाचे अपील : याचना की पुरावा?

(कामगार वस्तीतील बुद्धविहारात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वाचकांच्या सोयीसाठी काही ठिकाणी विस्तार केला आहे.)



आज येथे येताना मी एका जुन्या अर्जाची नक्कल बरोबर आणली आहे. अर्जदाराचे नाव मी सांगणार नाही. पत्र्याचे डबे बनविणाऱ्या एका कारखान्यात प्रेस मशिनवर काम करणारा तो एक कामगार होता. उजव्या हाताची तीन बोटे, तर्जनी, मधले बोट आणि अनामिका, साच्याखाली सापडली. शस्त्रक्रिया झाली, बोटे वाचली. परंतु ती पुन्हा कधी वाकली नाहीत. वैद्यकीय मंडळाने त्याला तपासले आणि त्याची कमाईची शक्ती शेकडा ८ ने घटली असा निर्णय दिला. त्या निर्णयाविरुद्ध त्याने केलेले अपील ते हे. तीन पाने भरून मजकूर आहे. मायबाप सरकार, मी गरीब माणूस आहे, पदरी लहान लेकरे आहेत, आपल्या पायाची धूळ समजून दया करावी, असा सारा सूर आहे. ही तीन पाने मी दोनदा वाचली. त्यांत बोटांचा उल्लेख एकदाच आला आहे, आणि ती बोटे वाकत नाहीत ही गोष्ट तर कोठेच आलेली नाही!

बंधूंनो, हा अर्ज लिहिणारा मनुष्य अडाणी नव्हता. तो दहावीपर्यंत शिकला होता. त्याने धम्मदीक्षा घेतली होती. देवापुढे हात जोडणे त्याने सोडले होते. परंतु साहेबापुढे हात जोडण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय त्याच्या लेखणीतून गेली नव्हती. आज मला तुमच्याशी बोलावयाचे आहे ते या सवयीविषयी आणि तिच्यामुळे होणाऱ्या नुकसानीविषयी. हे नुकसान रुपये, आणे, पैशांत मोजता येते, आणि ते जन्मभर सोसावे लागते.

प्रथम हा लाभ म्हणजे काय ते समजून घ्या. कर्मचारी राज्य विमा महामंडळाला आपण सारे ईएसआय म्हणतो. या महामंडळाकडून जखमी कामगाराला जे मिळते ते दान नाही. त्या योजनेचा इतिहास आपल्या घरातला आहे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. त्याच काळात, १९४३ साली, औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. आदरकर यांच्याकडे सोपविण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला, १९४८ साली कायदा संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेस प्रारंभ झाला. २०१९ च्या जुलैपासून कामगाराच्या मजुरीतून शेकडा पाऊण आणि मालकाकडून शेकडा सव्वातीन असे वर्गणीचे प्रमाण ठरले. म्हणजे प्रत्येक महिन्याला तुम्ही तुमचा हिस्सा आधीच भरता. ज्याने विम्याचा हप्ता भरला आहे त्याने विम्याची रक्कम मागताना पायाची धूळ होण्याचे काय कारण?

दुसरा एक गैरसमजही येथेच दूर केला पाहिजे. आपल्या वस्तीत कोणाचा हात गेला की म्हातारी माणसे म्हणतात, "भोग होता त्याचा, नशिबात होतं." नशिबात काही नव्हते. यंत्रावर संरक्षक जाळी नव्हती. दुःखाला कारण असते आणि ते कारण शोधावयाचे असते, ही शिकवण ज्यांनी स्वीकारली त्यांनी तरी अपघाताला भोग म्हणू नये. कारण अपघात हा भोग मानला की त्याची नोंद करण्याचे कोणाला सुचत नाही. आणि नोंद नसली की दोन वर्षांनी मी न्यायालयात काय दाखवू?

आता कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. १९४८ चा कायदा आता स्वतंत्र राहिलेला नाही. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि त्या कायद्याच्या तरतुदी तीत सामावल्या गेल्या. परंतु कामगाराने ज्या पायऱ्या चढावयाच्या त्या जुन्याच आहेत. कायमच्या अपंगत्वाचा प्रश्न प्रथम वैद्यकीय मंडळापुढे, म्हणजे मेडिकल बोर्डापुढे, जातो. मंडळ दोन गोष्टी ठरविते : अपंगत्व कायमचे आहे काय, आणि कमाईची शक्ती शेकडा कितीने घटली. हा निर्णय मान्य नसेल तर वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते आणि तेथून कर्मचारी विमा न्यायालयात. अथवा सरळ त्या न्यायालयातही जाता येते. तेथूनही पुढे, कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तर, उच्च न्यायालय आहे.

शेकडेवारी कशी ठरते? कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले आहे. त्यात कोणत्या इजेला किती टक्के हे छापलेले आहे. अंगठा गेला तर ३०. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०, तीन गेली तर ३०, दोन गेली तर २०. एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत असला तर ४०. या यादीच्या अखेरीस एक छोटी टीप आहे, आणि ती यादीइतकीच मोलाची आहे. एखादा अवयव शरीराला जोडलेला असला तरी त्याचा उपयोग पूर्णपणे व कायमचा नाहीसा झाला असेल, तर तो अवयव गेला असेच समजावे, असे ती टीप सांगते. माझ्या त्या कामगाराची बोटे हाताला जोडलेली होती. मंडळाने ती डोळ्यांनी मोजली आणि शाबूत म्हणून लिहिली. ती बोटे आहेत, परंतु ती निकामी आहेत, हे कोणीतरी सांगावयास हवे होते. ते त्याने सांगितले नाही.

यादीत नसलेल्या इजा पुष्कळ असतात : मणक्याला मार, खांद्याचा आखडलेपणा, डोक्याची जखम. तेथे मंडळाला अंदाज करावा लागतो, आणि तेथे तुमच्या माहितीचे महत्त्व अधिकच वाढते. शरीराचा किती भाग बिघडला हा एक प्रश्न, आणि त्यामुळे कमाई किती बुडाली हा दुसरा. सर्वोच्च न्यायालयाने हा भेद वेळोवेळी स्पष्ट केला आहे. १९७५ साली प्रताप नारायण सिंग देव यांच्या खटल्यात एका सुताराचा प्रश्न होता. त्याचा डावा हात कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याचे अपंगत्व पूर्ण मानले गेले. २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या खटल्यातही न्यायालयाने दाखवून दिले की, तोच डावा हात गेला तर ड्रायव्हरचे किंवा सुताराचे सर्वस्व जाते आणि सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. हे निर्णय निरनिराळ्या कायद्यांखालचे आहेत. ते ईएसआयच्या प्रकरणात जसेच्या तसे चिकटविता येत नाहीत. परंतु त्यांतील विचार ध्यानात धरा. डॉक्टरला तुमचा हात दिसतो. त्या हाताने तुम्ही पूर्वी काय करीत होता हे त्याला दिसत नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो.

तो अर्ज करून बसलेला कामगार माझ्याकडे आला तेव्हा न्यायाधिकरणापुढील सुनावणी तोंडावर आली होती. विधी महाविद्यालयातून बाहेर पडून मला फार वर्षे झाली नव्हती. मी रात्र जागून कायदा वाचला, टाचण तयार केले, परिशिष्टातली टीप लाल शाईने अधोरेखित केली. माझी तयारी पुरी झाली असे मला वाटले. परंतु ज्याच्या हाताविषयी मी बोलणार होतो त्या माणसाला मी अर्धा तासही दिला नव्हता. सुनावणीच्या दिवशी अध्यक्षांनी त्याला साधा प्रश्न विचारला, "जेवता कोणत्या हाताने?" तो म्हणाला, "उजव्याच हाताने, साहेब." "काही त्रास होतो?" "नाही साहेब, चालतं." मी उठून पुष्कळ बोललो, परंतु त्या तीन शब्दांपुढे माझे टाचण निरुपयोगी ठरले. अपील फेटाळले गेले.

बाहेर जिन्यावर त्याची पत्नी उभी होती. तिने सारे ऐकले होते. ती मला म्हणाली, "वकीलसाहेब, ते उजव्याच हाताने खातात, पण चमच्याने. अंगठा अन्‌ करंगळीत चमचा धरतात. भाकरी मीच कुस्करून देते ताटात. शर्टाची बटनं मी लावते. रात्री हात ठणकतो म्हणून उशाला वेगळी उशी लागते त्यांना. हे तुम्ही विचारलंच नाही."

खरोखरच मी विचारले नव्हते. दोष माझा होता, आणि तो मी आज तुमच्यासमोर कबूल करतो. पुढे आम्ही कर्मचारी विमा न्यायालयात गेलो. तेथे त्या बाईंची साक्ष झाली. हाडांच्या डॉक्टरांनी प्रत्येक सांधा किती अंश वाकतो हे मोजून लिहून दिले. बरोबरच्या कामगाराने सांगितले की, या कामात पत्रा चिमटीत धरावा लागतो आणि चिमटीशिवाय तो साच्यात सरकविता येत नाही. तीन बोटांचा उपयोग कायमचा नाहीसा झाला हे न्यायालयाने मान्य केले आणि शेकडा ८ च्या जागी शेकडा ३० झाले. परंतु त्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ गेला. तो काळ त्या घराने कसा काढला हे त्या बाईंनाच ठाऊक.

फरक किती पडतो तेही पाहा. कामगाराची सरासरी रोजची मजुरी नमुन्यादाखल ६०० रुपये धरू. नियमांप्रमाणे पूर्ण अपंगत्वाचा दर मजुरीच्या शेकडा ९०, म्हणजे रोज ५४० रुपये. त्याचे शेकडा ८ म्हणजे रोज ४३ रुपये २० पैसे. शेकडा ३० म्हणजे रोज १६२ रुपये. तीस दिवसांच्या महिन्यात ३,५६४ रुपयांचा फरक! आणि अंतिम निर्णयानंतर हा लाभ हयातभर चालतो. "नाही साहेब, चालतं" या तीन शब्दांची ही किंमत आहे.

त्या दिवसापासून मी माझी पद्धत बदलली. जी तयारी मी आता प्रत्येकाकडून करून घेतो ती तुम्हांला सांगतो. तिच्यापैकी बहुतेक वकिलाशिवाय, घरी बसून करता येण्यासारखी आहे.

पहिली गोष्ट निर्णयपत्राची. पत्र कोणत्या तारखेला हाती आले ते त्याच दिवशी त्यावर लिहून ठेवा आणि पाकीट जपून ठेवा. अपिलाची मुदत निर्णय कळल्यापासून मोजली जाते. १९४८ च्या कायद्याखालील नियमांत ती तीन महिन्यांची होती. पत्रात जी मुदत लिहिली असेल ती पाहा. परंतु शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. महिन्याच्या आत अपील गेले पाहिजे असेच धरून चाला. निर्णय हंगामी आहे की अंतिम आहे हेही त्याच पत्रात असते. हंगामी असेल तर ठरलेल्या मुदतीच्या अखेरीस मंडळ पुन्हा तपासते; त्या तपासणीची तयारीही अशीच करावयाची असते.

दुसरी गोष्ट कागदांची. अपघाताच्या नोंदवहीतील नोंद, मालकाने पाठविलेला अपघाताचा अहवाल, रुग्णालयाचे दाखल-पत्र व सुटीचा कागद, शस्त्रक्रियेची टिपणे, एक्स-रे, व्यायामोपचाराच्या तारखा, पगारपत्रके आणि मंडळाने तपासणीत काय लिहिले त्याची नक्कल, हे सारे तारीखवार लावा. कागद मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून महामंडळाकडे अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. याच कारणासाठी अपिलाची घाई आणि कागदांची घाई एकाच दिवशी सुरू झाली पाहिजे.

येथे आपल्या समाजापुरती एक विशेष सूचना करतो. धम्मदीक्षेनंतर पुष्कळ कुटुंबांनी जुनी नावे, आडनावे टाकली. ते योग्यच झाले. परंतु विम्याच्या कार्डावर जुने आडनाव, आधारपत्रावर नवे, आणि रुग्णालयाच्या कागदावर तिसरेच, असे असेल तर सुनावणीचा पहिला तास तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध करण्यात जातो. राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात असेल तर तिची नक्कल जोडा. बदल झाला नसेल तर आधी करून घ्या. त्यासाठी अपघाताची वाट पाहू नका.

तिसरी गोष्ट वहीची. ही मी सर्वांत महत्त्वाची मानतो. दोन आण्यांची वही म्हणण्याचे दिवस गेले. मुलाच्या शाळेची अर्धी उरलेली वहीही चालेल. तीत सलग पंधरा दिवस रोज रात्री लिहा : आज या हाताने, या पायाने, या पाठीने काय करता आले नाही. नाडी बांधता आली काय? बादली किती पावले नेली? लोकलमध्ये दांडा धरून उभे राहता आले काय? जिना चढताना कितव्या पायरीवर थांबावे लागले? रात्री किती वेळा जाग आली? दुसऱ्या पानावर अपघातापूर्वीचे काम लिहा. 'ऑपरेटर' या एका शब्दाने कोणाला काही कळत नाही. किती वजन उचलावे लागे, किती वेळ उभे राहावे लागे, कोणत्या बोटांत काय धरावे लागे, एका पाळीत किती नग निघत, आणि आज त्यांतले काय होते, हे सांगा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगून लिहवून घ्या. घरातील स्त्रीलाही विचारा. तुमच्या दुःखाचा जो भाग तुम्ही गिळून टाकता तो तिने पाहिलेला असतो.

चौथी गोष्ट डॉक्टरांच्या अभिप्रायाची. 'रुग्ण अपंग आहे' एवढे लिहिलेला दाखला फारसा उपयोगी नसतो. सांधा किती अंश वाकतो, मुठीची पकड दुसऱ्या हाताच्या मानाने किती उरली, सुधारणेची आशा आहे काय, हे मोजून लिहिलेले असावे. आणखी एक भेद ध्यानात घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली मिळणारे प्रमाणपत्र निराळे. त्यातील शेकडा ४० ची अट, त्याची मोजपट्टी आणि त्याचे अपील, सारे वेगळे आहे. ते प्रमाणपत्र असेल तर जरूर जोडा. परंतु त्यावर छापलेली टक्केवारी विमा मंडळाला बांधून ठेवत नाही.

हे चारही झाले म्हणजे एका पानावर कैफियत लिहा. केवळ एक पान. अपघात कधी, कोठे, कसा; उपचार काय झाले; मंडळाने काय ठरविले; त्यांच्या लक्षात काय आले नाही; कोणत्या कागदावरून ते दिसते; आणि तुमची मागणी काय. 'मायबाप' हा शब्द त्यात नको. शिव्याशापही नकोत. मंडळाचे डॉक्टर विकले गेले आहेत असे पुराव्याशिवाय लिहिणाऱ्याचे खरे म्हणणेही मग कोणी ऐकत नाही. लाचारी आणि संताप या दोहोंनी पान भरते. बाजू मात्र मांडली जात नाही.

आता सुनावणीचा दिवस. मूळ कागद आणि नकलांचे दोन संच बरोबर ठेवा. रोजचे औषध नेहमीप्रमाणे घ्या आणि कोणते घेता ते सांगा. रोज काठी वापरीत असाल तर काठी घेऊन जा. वापरीत नसाल तर त्या दिवसापुरती घेऊ नका. प्रश्न समजला नाही तर, "साहेब, मला प्रश्न समजला नाही, मराठीत विचारा," असे शांतपणे म्हणा. त्यात अपमान कोणाचाच नाही. "हे करता येते का?" या प्रश्नाला होय किंवा नाही एवढ्यात उत्तर देऊ नका. किती वेळ येते, किती वेळा येते, कोणाच्या मदतीने येते आणि केल्यानंतर काय होते, हे चार भाग सांगा. "बादली उचलता येते, अर्धी भरलेली, दहा पावले, नंतर मनगट सुजते," हे उत्तर झाले. "कधी कधी दुखते" हे उत्तर नव्हे; आठवड्यातून किती दिवस ते सांगा. तपासताना ज्या क्षणी दुखेल त्याच क्षणी सांगा. दात आवळून हात पुढे केलात तर तो हात तेथवर जातो असेच लिहिले जाईल. जबानी वाचून दाखविल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका, आणि कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

काहीजण मला विचारतात, "साहेब, थोडे वाढवून सांगितले तर?" मी त्यांना स्पष्ट नकार देतो. खोट्या निवेदनावर मिळालेला निर्णय नंतर उघडून तपासता येतो आणि खोट्या निवेदनाला शिक्षाही आहे. शिवाय आपण पंचशील ग्रहण केले आहे. त्यातील चौथे शील विहाराच्या दाराबाहेर ठेवून न्यायालयात जाता येणार नाही. परंतु त्याच शीलाची दुसरी बाजू कोणी सांगत नाही, ती मी सांगतो. जे आहे त्याहून अधिक सांगणे जसे असत्य, तसे जे आहे ते लपवून "चालतं साहेब" म्हणणे हेही असत्यच. आपल्या आजोबा-पणजोबांना पाटलासमोर, सावकारासमोर, मुकादमासमोर "बरं हाय" असेच म्हणावे लागले. दुःख सांगणे हाच त्यांचा गुन्हा ठरत असे. ती वेळ गेली. न्यायासनासमोर पूर्ण सत्य ताठ मानेने सांगणे हे आता आपले कर्तव्य आहे.

एका मोहापासून मात्र सावध राहा. शेकडेवारी अगदी थोडी ठरली आणि रोजचा दर अल्प असला, तर तो लाभ एकरकमी घेण्याची सोय आहे. वरच्याच नमुन्यात शेकडा १ ठरले तर रोज ५ रुपये ४० पैसे होतात. एवढ्यासाठी कोण झगडणार, असे म्हणून कामगार एकरकमी पैशांचा अर्ज करतो. तयार कपड्यांच्या कारखान्यातील एका भगिनीने तसेच केले. मुलीच्या शाळेची फी भरावयाची होती. पुढे तिचे मनगट अधिक आखडले आणि ती माझ्याकडे आली. मंडळाच्या निर्णयावर आधारून एकरकमी रक्कम एकदा घेतली की त्या निर्णयाविरुद्ध विमाधारकाला अपील करता येत नाही, असे कायद्याचे स्पष्ट कलम आहे. मला तिला अपिलाचा दरवाजा बंद झाला असे सांगावे लागले. इजेचे परिणाम नंतर अनपेक्षितपणे व बरेच वाढले असतील तर फेरतपासणीची तरतूद आहे. परंतु तो मार्ग अरुंद आहे. म्हणून पैसे घेण्याची सही करण्यापूर्वी एकदा कोणाला तरी विचारा.

"वकिलाची फी कोठून आणावी?" हा प्रश्न राहिला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीची व्यक्ती, स्त्री, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या लोकांची ती मान्यता कायम राहते. म्हणून धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिण्यास कोणी कचरू नये. जिल्हा न्यायालयातच या प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि १५१०० हा त्यांचा दूरध्वनी क्रमांक आहे. कर्मचारी विमा न्यायालयात वकिलाऐवजी, तुम्ही लेखी अधिकार दिलेला नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारीही तुमची बाजू मांडू शकतो. आणि मालकाने वर्गणी भरली नाही, कंत्राटदाराने नाव नोंदविले नाही, म्हणून सारे संपले असे समजू नका. नोंद करणे हे मालकाचे कर्तव्य होते, तुमचे नव्हे; हजेरीचा कागद, पगाराची बँकेतील नोंद, बरोबरच्यांची साक्ष घेऊन या.

शेवटी येथे बसलेल्या तरुण मुलामुलींना एक विनंती. आपल्या गल्लीत कोणाकडे महामंडळाचे पत्र आले तर ते बहुधा इंग्रजीत किंवा हिंदीत असते. ते तसेच फळीवर पडते आणि मुदत निघून जाते. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास येथे थांबावे, आलेली पत्रे वाचून अर्थ सांगावा आणि तारखा वहीत लिहून ठेवाव्या. त्यासाठी वकिलीची परीक्षा द्यावी लागत नाही.

तो कामगार आज एका गोदामात पहारेकऱ्याचे काम करतो. गेल्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाला अपघात झाला. पायाचा घोटा मोडला. दोघे भाऊ माझ्याकडे आले. मी कागद मागण्यापूर्वीच थोरल्याने पिशवीतून एक वही काढून माझ्यासमोर ठेवली. पंधरा दिवसांच्या पंधरा पानांवर डाव्या हाताने लिहिलेले वेडेवाकडे अक्षर होते. पहिल्या पानावर पहिलेच वाक्य होते : जिन्याच्या सहाव्या पायरीवर बसावे लागले.

अर्जात 'दया' हा शब्द कोठेही नव्हता.

जयभीम.